सोळा खांदे

"गुरुजी, एक खांदा कमी पडतोय."

मी फळ्यावर तारीख लिहीत होतो. वळून पाहिलं तर शाळेच्या दारात बमूबाबा ढेबे उभे. अंगावर घोंगडी, हातात कोयता आणि डोक्याचं मुंडासं सुटून गळ्यात आलेलं. साठीचा माणूस, पण त्यांचं मुंडासं सुटलेलं मी आठ-दहा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं बाबा?"

"येसू अडलीया. काल सांजंपासनं कळा येत्यात, पन काय हुईना. राहीआजीनं हात टेकलं. तळवटला दवाखान्यात न्या म्हनती. वाडीत गडीमानूस पाचच हाईत. जोड्या तीन लागत्यात."

मी खडू ठेवला आणि पोरांना म्हटलं, "घरी जा, आज शाळा नाही." एरवी हे शब्द तोंडातून निघायचा अवकाश, पोरं आरडाओरडा करत सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या त्या सपाटीवर, उधळायची. त्या दिवशी सगळी आपापली दप्तरं घेऊन भिंतीकडेनं निघून गेली.

येसू म्हणजे बमूबाबांची धाकटी लेक. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा खाली देशावर कुठल्याशा गोदामात हमाली करायचा, त्याला निरोप पोचायलाच दोन दिवस लागले असते. आणि येसू माझी विद्यार्थिनी. पाथरसड्याच्या धनगरवाड्यातून चौथी पास झालेली पहिली मुलगी. एक नंबरची बोलघेवडी, आणि मास्तरालाच प्रश्न विचारून भंडावून सोडणारी.

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. मी तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होतो. पाथरसड्याच्या एकशिक्षकी शाळेवर मला कुणीतरी चिडून टाकलं होतं आणि मग विसरून गेलं होतं. सोमवारी सकाळी तळवटहून वर चढायचं, आठवडाभर शाळेच्याच खोलीत राहायचं, शनिवारी दुपारी खाली उतरायचं. चढायला मला तीन तास लागायचे. हे तीन तास लक्षात ठेवा. मी मात्र विसरलो होतो, आणि ते कधी, ते सांगतोच.

बमूबाबांच्या अंगणात झोळी तयार होती. झोळी म्हणजे काय, तर एक जाड वासा आणि त्याला दोन्ही टोकांना बांधलेली घोंगडी. आजारी माणूस घोंगडीत निजवायचं, वासा पुढे-मागे दोघांनी खांद्यावर घ्यायचा. आमच्या निवळखोरे तालुक्याच्या अर्ध्या वाड्यांतून माणसं तेव्हा अशीच दवाखान्यात जायची. येसूला आत निजवलं होतं. चेहरा पांढरा पडला होता, केस कपाळाला चिकटले होते. मला पाहून तिनं डोळे मोठे केले.

"आगं बया, गुरुजी तुमी? तुमाला जमंल का? खांदा सोलंल."

"गप पड," मी म्हटलं. "मास्तर झालो म्हणून काय खांदा नाही मला?"

तिची आई दारात उभी होती. तिला दम्यामुळे चालवत नव्हतं. तिनं येसूच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि आत गेली. ती बाहेर आलीच नाही.

पहिला खांदा येसूच्या चुलतभावानं, धाकलूनं घेतला, मागे दुसरा एक गडी. बमूबाबा कोयता घेऊन पुढे. बापानं झोळी उचलायची नसते तिथं. बापानं नाहीतर घरातल्या थोरल्यानं पुढे चालायचं, आडवी आलेली कारवी तोडायची आणि खांदे मोजायचे. राहीआजी, वाडीची सुईण, झोळीला लागून चालत होती. तिचा एक हात सतत येसूच्या पोटावर.

भाद्रपद होता. पाऊस उघडला होता, पण सड्यावर धुकं असं दाटलं होतं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसायची. हिरड्याच्या झाडाशी आल्यावर झोळी थांबली. दुसरी जोडी वाशाखाली शिरली.

"एक!" बमूबाबांनी मोठ्यानं आवाज दिला.

"एक!" मागून सगळे म्हणाले. झोळीतून येसूही म्हणाली.

हा तिकडचा हिशेब. ओझ्याखाली खांदा बधिर झाला की जोडी बदलायची, म्हणजे एक खांदा झाला. आणि बदलायच्या जागा ठरलेल्या. आज्या-पणज्यांनी ठरवलेल्या. कुठं झाड, कुठं कातळ, कुठं ओढा. पाथरसडा ते तळवटचा दवाखाना, सोळा खांदे. जवळजवळ प्रत्येक जागेला नाव. हिरड्याचं बूड. जावळाचा कातळ. रडतोंडी. दाजीचा घसरा. त्या घसऱ्यावर म्हणे कुणा नवऱ्यामुलाचं वऱ्हाडादेखत पाय घसरून बूड शेकलं होतं, शंभर वर्षांमागं. दाजीचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण घसरा राहिला. आणि तीन जागांना माणसांची नावं. गंगूचा, काळूचा, बाळामायचा. झोळी नेताना ज्या टप्प्यावर माणूस गेलं, ती जागा त्याची.

दुसऱ्या खांद्याला माझी पाळी आली. धाकलूनं माझ्या खांद्यावर त्याच्या घोंगडीची चौपदरी घडी ठेवली. वासा टेकला तेव्हा मानेत कळ गेली. पाय टाकायचा तर पुढच्याच्या पायात पाय टाकावा लागतो, नाहीतर झोळी हेलकावते. झोळी हेलकावली की आत येसू दात आवळून हुंकार भरायची. मी तिचा हुंकार ऐकत चालत होतो.

"तीन!"

तिसरा खांदा म्हणजे सड्याचं टोक. तिथून खाली दरी. आम्ही पोचलो आणि धुकं मधेच फाटलं. दरीपल्याड खाली तळवट गाव दिसलं आणि गावाच्या अलीकडे दवाखान्याचा पत्रा चकाकत होता. अगदी हाकेवर. एखाद्यानं गोफण फिरवली तर धोंडा पत्र्यावर पडेल असं वाटावं.

"दवाखाना दिसतोय का वो?" येसूनं विचारलं.

"दिसतोय," मी म्हटलं. "हा काय, जवळच आहे."

राहीआजीनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. कारण तिथून वाट दवाखान्याकडे जातच नाही. मधे दरी आहे, सरळ तुटलेली. वाट उलटी उत्तरेला वळते, रडतोंडीनं नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, उतरते, ओढा ओलांडते, पलीकडच्या डोंगराची सोंड चढते, खिंडीतून पार होते आणि मग कुठं तळवटच्या अंगानं उतरायला लागते.

दाजीच्या घसऱ्यावर चिखल होता. धाकलू पुढे होता, त्यानं टाचा रोवल्या.

"धाकलूदादा, घसरू नगंस," येसू आतून म्हणाली. "न्हाईतर तुजं नाव लागंल."

सगळे हसले. बमूबाबाही हसले. ती हसवत होती आम्हाला, बघा. तिच्या अंगातून रक्त जात होतं आणि ती आम्हाला हसवत होती. हे मला राहीआजीनं नंतर सांगितलं. घोंगडी काळी, त्यावर काही दिसत नव्हतं.

ओढ्याशी सहावा खांदा. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. चौघांनी झोळी डोक्याएवढी उचलून पार केली. पलीकडे गेल्यावर राहीआजीनं येसूच्या तोंडात ओंजळीनं पाणी घातलं. मी शेजारीच उभा होतो, छाती भात्यासारखी चालत होती. येसूनं माझ्याकडे मान वळवली.

"गुरुजी, सहा झालं. तुमच्या हिशेबानं किती किलोमीटर?"

"बोलू नकोस पोरी. दम राख."

"सांगा की. परीक्षेत इचारत व्हता."

मी ओला सदरा पिळू लागलो. ती तो प्रश्न का विचारत होती? तिला ते ठाऊक होतं, आणि मलाही. आता ते तुम्हालाही सांगायला हवं.

त्या दिवसाच्या आठ वर्षांपूर्वी, येसू चौथीत असताना, तालुक्याच्या शिक्षकमंडळींनी एक पुस्तक काढायचं ठरवलं. 'निवळखोरे तालुका : इतिहास व भूगोल'. सड्यावरच्या वस्त्यांचा भाग माझ्याकडे आला, कारण सड्यावर राहणारा मास्तर मी एकटाच. मला काय आनंद झाला होता! माझं अक्षर चांगलं, भाषा चांगली, आणि आजवर कुणी काही लिही म्हटलं नव्हतं. 'तालुक्याचा पश्चिम भाग अत्यंत डोंगराळ असून येथील हवा थंड व आरोग्यदायी आहे.' असं मी लिहिलं. आरोग्यदायी! शेवटी एक तक्ता होता. वस्तीचं नाव, घरं, लोकसंख्या, पाण्याची सोय, जवळचा दवाखाना, अंतर किलोमीटरमध्ये.

बाकीचे रकाने भरले. अंतराशी अडलो. मी वर्गात विचारलं, "आपली वाडी तळवटच्या दवाखान्यापासून किती लांब?"

येसूचा हात सगळ्यांच्या आधी वर. "सोळा खांदे!"

"खांदा हे काय माप आहे? कुणाचा खांदा? तुझा की माझा?"

पोरं खिदळली. पण ती कसली ऐकते! उभी राहून तिनं सोळाच्या सोळा जागा म्हणून दाखवल्या, एका दमात. फक्त अकराव्याशी थांबली. "ह्याला नाव न्हाय, गुरुजी. नुसता अकरावा." मग पुढचे पाच. आणि खाली बसता बसता आणखी एक गोष्ट सांगितली. "मेलेलं मानूस न्यायचं आसंल तर खांदे मोजत न्हाईत. बा म्हनतो, मेल्यावर वाटंचं काय मोजायचं?"

"छान," मी म्हटलं. "पण हे पुस्तकात चालत नाही."

माझ्याकडे तालुक्याचा छापील नकाशा होता. त्यावर मी फूटपट्टी ठेवली. पाथरसडा ते तळवट, सरळ रेघ. तीन किलोमीटर. दर सोमवारी मी तीच वाट तीन तास धापा टाकत चढत होतो, माझे पाय मला सांगत होते, आणि मी तक्त्यात लिहिलं, तीन. का? तर नकाशा छापील होता. छापलेलं खोटं कसं असेल? इतकी साधी अक्कल गहाण टाकली होती मी.

त्या वर्षीच्या चाचणीत प्रश्न घातला. येसूनं उत्तर लिहिलं, 'सोळा खांदे'. मी लाल शाईनं काट मारली आणि तिच्याकडून दहा वेळा लिहून घेतलं, 'आमच्या वाडीपासून दवाखाना तीन किलोमीटर आहे.' तिनं लिहिलं. दहावी ओळ झाल्यावर वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "गुरुजी, एवढ्या जवळ हाय तर माजी थोरली भन काळूच्या खांद्याशी काय म्हनून मेली?"

तिच्या थोरल्या बहिणीचं नाव काळू. मला ते तोवर ठाऊक नव्हतं. मी काय करावं? पुस्तक छापायला गेलं होतं. मी तिला म्हटलं, "जा, जाग्यावर बस."

पुस्तक आलं, माझा सत्कार झाला, शाल मिळाली. एक प्रत मी मोठ्या कौतुकानं बमूबाबांना दिली. "बाबा, तुमची वाडी छापून आली!" त्यांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांनी ती प्रत कपाळाला लावली आणि देवाच्या टोपलीत ठेवली. सणासुदीला पाव्हणेरावळे आले की ते येसूला त्यांच्या वाडीचं पान वाचायला लावायचे, असं कानावर यायचं. मी कधी ऐकायला गेलो नाही.

"सात!" बमूबाबांचा आवाज आला.

सातवा म्हणजे काळूचा खांदा. एक बुटकी करवंदीची जाळी आणि तिच्या बुडाशी दगड. तिथं कुणी थांबून बोलत नाही. बमूबाबांनी जाळीचं एक पान तोडून दगडावर ठेवलं. येसूची मान त्या बाजूला होती. तिथून पुढे ती फारसं बोललीच नाही.

सोंडेची चढण लागली. आठ झाले, नऊ झाले. माझा खांदा सोलवटला होता, सदरा चिकटला होता. मला एकच दिसत होतं, पुढच्या गड्याच्या टाचा. आणि एकच ऐकू येत होतं, येसूचा श्वास. आधी मोठा, मग बारीक, मग मधे मधे तुटणारा. चढताना डोक्यात नको ते सगळं येत होतं. मुख्य म्हणजे तालुक्याच्या कचेरीतला तो दिवस.

त्याला पाच वर्षं झाली होती. वाडीनं जीपगाडीच्या रस्त्यासाठी अर्ज केला होता. अर्ज मीच लिहून दिला होता, आणि बमूबाबा अन् मी मिळून साहेबांना भेटायला गेलो होतो. साहेब माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, अर्ज वाचला. मग कपाटातून पुस्तक काढलं. माझंच. पान उघडलं.

"दवाखान्यापासून पाच किलोमीटरच्या पलीकडच्या वस्त्या आम्ही आधी घेतोय," ते म्हणाले. "तुमची तर तीनवर आहे. पुस्तकातच आहे, हे बघा."

बमूबाबा पुस्तकाकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे. मी म्हणायला हवं होतं, साहेब, तो आकडा चुकलाय, माझ्या हातून चुकलाय. एवढंच वाक्य. सात शब्दांचं. पण वर नाव माझं होतं, सत्काराची शाल घरी ट्रंकेत होती, आणि साहेब मला 'लेखक' म्हणाले होते. मी चहाच्या कपाकडे बघत बसलो. येताना बमूबाबांनी मला काहीही विचारलं नाही. रस्ता झाला, पण पुढे सोळा वर्षांनी. तेव्हा चाक लावून मोजला तर नऊ किलोमीटर भरला.

"दहा!"

खिंड अजून वर होती. माझी जोडी लागली होती. खिंड गाठली की उतार, उताराला खांदे भराभर जातात. मी मनात म्हणत होतो, एवढी खिंड गाठू दे. देवाधर्माचा मी माणूस नाही, पण त्या वाटेवर मी मागून घेतलं, माझं काय करायचं ते कर, एवढी पोर खाली पोचू दे.

अर्ध्या चढावर झोळी जड झाली. माझ्या पुढच्या गड्यालाही ते कळलं असणार, कारण त्याचं पाऊल चुकलं. राहीआजी दोन पावलं मागे राहिली.

"बमू," ती म्हणाली. एवढंच.

बमूबाबा थांबले नाहीत. चालत राहिले. अकराव्याची जागा आली. एक सपाट कातळ, चार माणसं टेकतील एवढा. झाड नाही, जाळी नाही, काही नाही. आम्ही झोळी टेकवली. पुढची जोडी खांदा द्यायला आली. मी बाजूला होऊन वाट बघत राहिलो, की आता ते आवाज देतील.

ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. कोयत्याचं टोक जमिनीत रुतवून.

आणि मी, शहाणा, पुस्तकवाला मास्तर, मोठ्यानं म्हणालो, "बाबा, अकरा."

ते वळले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मोजू नका, गुरुजी," ते म्हणाले.

तेव्हा मी झोळीकडे पाहिलं. राहीआजीनं घोंगडीची कड येसूच्या तोंडावर ओढून घेतली होती. पोटावरचा हात मात्र तिनं अजून काढला नव्हता. कितीतरी वेळ काढला नाही. मग तोही काढला.

आम्ही परत फिरलो. तीच सोंड उतरलो, तोच ओढा, तीच नाळ. जागा आल्या की जोड्या बदलायच्या, पण कुणी आवाज द्यायचं नाही. काळूच्या जाळीशी, दाजीच्या घसऱ्याशी, सगळीकडे तेच. मी मनातल्या मनातही आकडा येऊ देत नव्हतो, तरी येत होता. सड्याच्या टोकाशी पुन्हा धुकं हललं आणि दवाखान्याचा पत्रा दिसला. बमूबाबांनी तिकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती झाली. नवरा तिसऱ्या दिवशी पोचला. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत बाळासाठी टोपडं. ते त्यानं कुणाकडे द्यावं हे त्याला कळेना, म्हणून दिवसभर हातातच धरून बसला होता.

मी शाळा उघडली, पण शिकवायला जमेना. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं घरी गेल्यावर बमूबाबा आले. मुंडासं नीट बांधलेलं. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. पायरीवर बसले, फडकं सोडलं. पुस्तक होतं. कोपऱ्याला हळदीकुंकवाचे डाग, आणि एकाच पानाशी उघडणारं, इतक्यांदा ते पान उघडलेलं.

मला वाटलं, आता. आता हिशेब होणार. तसं व्हावं असंही वाटत होतं, खरं सांगतो. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी पाया पडलो असतो.

"आमचं पान वाचा, गुरुजी," ते म्हणाले. "घरात आता वाचनारं कुनी न्हाय."

मी पुस्तक हातात घेतलं. माझाच मजकूर.

"पाथरसडा धनगरवाडा," मी वाचलं. "घरे चौदा. लोकसंख्या ब्याऐंशी. पाण्याची सोय, झरा. जवळचा दवाखाना, तळवट. अंतर..."

तिथं तीनचा आकडा होता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आशेनं म्हणू की कशानं म्हणू, सांगता येत नाही. पण टक लावून बघत होते.

"अंतर, सोळा खांदे," मी वाचलं.

त्यांनी श्वास सोडला. मान डोलावली.

"व्हय. येसू बी आसंच वाचायची."

मी पुस्तकातून मान वर केली.

"सायबाकडनं आलो ना आपुन, त्या दिशी घरी पाय ठेवल्या ठेवल्या तिला म्हनलं, सायेब तीन म्हनतो, बघ गं पुस्तकात काय हाय ते. तिनं बघितलं. लई वेळ बघितलं. म्हनली, बा, सोळाच हाय की. गुरुजींनी लिवलंय, चुकंल कसं?" त्यांनी नाक पुसलं. "तवा सायेबच खोटं बोलला. मी तुमाला तवाच सांगनार व्हतो, पन येसू म्हनली, नगं बा, गुरुजींना वाईट वाटंल."

बाहेर सड्यावर एक म्हैस हंबरत होती. मी काहीतरी बोलणार होतो. शपथेवर सांगतो, बोलणार होतो. शब्द ओठांवर आले होते.

"एक काम हुतं," ते म्हणाले. "अकराव्याला नाव नव्हतं. आता लिवा तिथं. येसूचा."

खिशातून मी पेन काढलं. लाल होतं, तपासायचं, दुसरं जवळ नव्हतं. अंतराच्या रकान्यात, त्या तीनच्या आकड्याशेजारी, बारीक अक्षरात मी लिहिलं, 'अकरावा, येसूचा खांदा.' तीनच्या आकड्यावर काट मारायला हात गेला होता. पण काट मारली असती तर त्यांनी विचारलं असतं, ती कशाची.

"लिवलं?"

"लिहिलं, बाबा."

त्यांनी पुस्तक घेतलं, त्या लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा फडक्यात बांधलं. मग उठले, आणि वाडीचं नाव पुस्तकात नीट घातलं म्हणून मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.